शेवटचं कडवं

डिजिटल युगानं कलावंताला कंपन्यांच्या जाचातून कायमचं मुक्त केलं आहे. भिलाईत कानाच्या डॉक्टरांकडे बाकावर बसलो असताना शेजारची संघमित्रा हेच आपल्या वडिलांना समजावत होती. वडील टिकाराम, चरोद्याचे, रेल्वेतून निवृत्त.

"बाबा, आता कंपनी कावून पाहिजे? तुमचं जयंतीचं गाणं तुमच्याकडून पूर्ण गाऊन घेऊन मीच नेटवर टाकलं ना!"

"मंग बंद कावून पडलं?"

"कंपनीनं हरकत घेतली. गाणं आमचं आहे म्हणते."

"कॅसेटवाली? ते तर कधीचीच बुडाली."

"दुसऱ्या कंपनीनं घेतली तिले. कागदावर तुमची सही आहे, बाबा."

"सही कायची? तो म्हणे, चहा घ्या, इथं नाव लिहा. मले वाटलं, कॅसेटवर छापाले मागून राहिला."

"छापलं?"

"छापते कायले! टेप पुरत नाही म्हणून शेवटचं कडवंबी उडवलं. 'टिकाराम म्हणे' त्यातच होतं."

"टेन्शन मत लो. तेच कडवं वाचलं आहे."

"म्हणजे?"

"कॅसेटमध्ये जेवढं आहे तेवढंच त्यांचं. तेवढं कापलं तर बाकीचं चालू होते."

"बाकीचं म्हणजे माह्यं नाव?"

"हो."

"काप मंग."

"बाबा, पूर्ण गाणं जाईन."

"चाळीस वर्षं नावाबिगर वाजलं ना? आता नाव वाजू दे."

तिनं तिथंच बसून कापलं.

घरी येऊन मी शोधलं. गाणं चौदा सेकंदांचं आहे. त्याआधी वीस सेकंदांची जाहिरात लागते.