वहीतली लेक

बाइंडिंगच्या दुकानात शाळेच्या बाई हजेरीपटांची थप्पी सावरत थांबल्या होत्या, पण कान पुढच्या आजोबांच्या आणि दुकानदाराच्या बोलण्याकडे लागले होते.

"चारही वह्या एकत्र बांधू, आजोबा?"

"हो. बायकोनं लिहिलेली कादंबरी आहे. गेल्या महिन्यात गेली ती."

"अरेरे. कशावर आहे?"

"आमच्या लेकीवर. सहाव्या वर्षी तापानं गेली आमची पोर. हिनं तिला वहीत मोठी केली. शाळेत घातलं, सायकल शिकवली. लिहून झालं की मला वाचून दाखवायची. कधीकधी हसून हसून पुरेवाट व्हायची आमची."

"मग आता केवढी झाली?"

"तेविसावं लागलंय. नोकरी करते."

"बरं, शेवटची ही कोरी पानं कापून टाकतो."

"छे छे, हात लावू नका त्यांना!"

"उगाच जाडी वाढेल हो."

"वाढू दे. हिनं लिहिलेल्या शेवटच्या पानावर मी लेकीला घरी उशिरा आली म्हणून ओरडलोय. रुसून, न जेवताच झोपलीय ती. आता समजूत मलाच काढायला हवी."

"लिहिता येतं तुम्हाला असलं?"

"कुठलं हो! पण महिना झाला, पोर उपाशी आहे."