नोएमीच्या घरी म्हणायचं वाक्य

(सकाळी, आरेकिपाच्या बस स्थानकातल्या एका बाकावर दोघी बहिणी.)

हासिंता : पुन्हा म्हण, ताई. मेसा.

सातुर्निना : मीसा.

हासिंता : मीसा म्हणजे चर्चमधली प्रार्थना. टेबल म्हणजे मेसा. तू त्या लोकांना विचारशील, 'तुमची प्रार्थना छान आहे, लाकूड कुठलं?'

सातुर्निना : मला दोन्ही सारखंच ऐकू येतं. आपल्या केचुआ भाषेत कुठे आहे हा 'ए'?

हासिंता : मीही अशीच होते. कुस्कोच्या बाजारात वीस वर्षं बटाटे विकले, तेव्हा गिऱ्हाइकांनी हसून हसून माझं स्पॅनिश सरळ केलं.

सातुर्निना : टेबल राहू दे. मी काय सुतार आहे टेबलाबद्दल बोलायला?

हासिंता : बरं. दारात गेलीस की?

सातुर्निना : 'बुएनोस दीयास.' मग 'कोन पेर्मीसो', आत येऊ का.

हासिंता : ते म्हणतील, 'एस्ता एन सु कासा'. म्हणजे हे तुमचंच घर.

सातुर्निना : ओळख ना पाळख, आणि घर देऊन टाकलं?

हासिंता : बोलायची पद्धत आहे ती. लगेच चूल कुठे मांडायची ते बघू नकोस. आणि 'आओरीता' म्हणाले, तर त्याचा अर्थ 'आत्ता'. पण आत्ता काही होत नाही. आपण बसून राहायचं.

सातुर्निना : तुझा नवरा छप्पर शाकारतो, तसं.

हासिंता : अगदी तसं. आता मुख्य वाक्य.

सातुर्निना : 'बेंगो अ पेदीर ला मानो दे नोएमी.' नोएमीचा हात मागायला आलेय. हातच का ग? एफ्राइनला अख्खी पोरगी हवीय ना?

हासिंता : हात मिळाला की बाकीची आपोआप येते.

सातुर्निना : हासिंता, हे वाक्य तू म्हणणार आहेस ना तिथे?

हासिंता : मी? कोण म्हणालं असं?

सातुर्निना : एफ्राइनच म्हणाला तुला फोनवर. 'मावशी, तूच बोल, आईला नुसती बसू दे.' तू स्पीकर लावून बोलतेस, शेजारच्या गोठ्यातले लामासुद्धा कान टवकारतात.

हासिंता : त्याच्या मनात वाईट नव्हतं, ताई. दहा वर्षांचा असताना इथे आरेकिपाच्या शाळेत आला, तेव्हा या मीसावरूनच छळलं त्याला पोरांनी. सहा महिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं त्याने. तुझं तसं होऊ नये, एवढंच.

सातुर्निना : माहीत आहे मला. तेव्हापासून चार लोकांत माझ्याशी केचुआ बोलत नाही तो. भेटायला येतो, मान हलवतो, माझं गाठोडं उचलतो आणि पुढे चालायला लागतो.

हासिंता : मग बोलू दे ना मला. कटकट मिटेल.

सातुर्निना : मुलाच्या बापाने मागणी घालायची असते. बाप गेला. म्हणजे मी उरले, तू नाहीस.

हासिंता : हळू बोल, आलाच बघ तो.

एफ्राइन : आई, मावशी, चला. टॅक्सी थांबलीय बाहेर. आई, बसमध्ये झोप लागली ना? तिथे तू आरामात बस, हं. मावशी बोलेल सगळं.

सातुर्निना : मावशी येत नाहीये.

हासिंता : मी येत नाहीये?

सातुर्निना : तू समोर असलीस की माझी जीभ तुझ्या तोंडाकडे बघत बसते.

एफ्राइन : आई, ते हसतील ग.

सातुर्निना : हसू देत. माझं वाक्य संपेपर्यंत थांबले म्हणजे झालं.

हासिंता : जा बाबा घेऊन तिला. माझा गुडघाही धरलाय आज. मी इथेच बसते. ताई, त्यांना द्यायची चीजची पिशवी राहिली बघ.

(दुपारी, बस स्थानकातल्या त्याच बाकावर.)

हासिंता : मग? मिळाला हात?

सातुर्निना : मिळाला.

हासिंता : इतकं तुटक नको. चार तास इथे माश्या मारत बसलेय. पहिल्यापासून सांग.

सातुर्निना : दारातलं सगळं नीट आलं. मग नोएमीचे वडील समोर बसले आणि मी वाक्य म्हटलं. त्यांना कळलं नाही. पुन्हा म्हटलं. तिचा भाऊ फिसकन हसला.

हासिंता : आणि एफ्राइन?

सातुर्निना : बुटांकडे बघत होता. मग मी तिसऱ्यांदा म्हटलं, सावकाश. पेदीरचं पिदीर झालं. या वेळी माझं मलाच ऐकू आलं.

हासिंता : अरे देवा.

सातुर्निना : तेवढ्यात नोएमी उठली, माझ्याशेजारी येऊन बसली आणि स्वतःच आपला हात माझ्या हातात ठेवला. गार पडला होता ग. तीही घाबरलेली. तिचे वडील काहीतरी म्हणाले आणि सगळे हसले. चांगलं हसले.

हासिंता : पोरगी चलाख आहे. तुझ्या घरात टिकेल. पण तू डोळे का पुसतेस?

सातुर्निना : ते त्यामुळे नाही. जेवताना एफ्राइनने सूपचं पातेलं उचललं. सगळे बसले होते, तिची आई, आत्या, तो भाऊ. आणि त्याने मला आपल्या भाषेत विचारलं, 'आई, अजून वाढू?'

हासिंता : मोठ्याने?

सातुर्निना : मोठ्याने.

हासिंता : मग तू काय म्हणालीस?

सातुर्निना : पोट गच्च भरलं होतं. तरी हो म्हणाले.