सलीमचा डॉक्टर

रोह्याचा माझा दोस्त सलीम, तो नोकरीला कतारला असतो. त्याला वाचायचा कंटाळा, म्हणून मी पेणहून रोज फोनवर एक रहस्यकथा थोडी थोडी वाचून दाखवायचो. शेवटाला आलो, तर लायब्ररीच्या त्या पुस्तकाची शेवटची पानंच फाटलेली!

"मग तूच सांग, खून कोणी केला?" सलीम म्हणाला.

"मला वाटतं, डॉक्टरने."

"नाय रे! गरिबांना फुकट औषध देणारा माणूस हाय तो!"

आमचं इतकं जुंपलं की त्याने फोन कापला, आणि पुढे बोलणंच बंद.

सुट्टीवर आल्यावर त्याने नवी प्रत घेतली, एका बैठकीत संपवली आणि थेट माझ्या दारात उभा.

"डॉक्टरच निघाला," तो पडेल चेहऱ्याने म्हणाला. मी हसणार, तेवढ्यात ओरडला, "म्हणजे लेखकानेपण तुझंच ऐकलं!"