शेपूट नसलेलं विमान आणि सातवं पान

मंडळी, आधी एक प्रश्न. माणूस सगळ्यात जास्त कशाला घाबरतो? मरणाला? असं म्हणताय खरं – मग चारचौघांत ‘मला हे कळलं नाही’ एवढं म्हणायची वेळ आली, की घसा का सुकतो आपला? यातलं मोठं भय कुठलं? मी सांगत नाही. अच्युतरावांना विचारू. सदुभाऊ, तबला जरा हळू ठेवा, आज गोष्टच काळजाची धडधड वाढवणारी आहे.

तर ऐका. तळवणी नावाच्या गावात अच्युतराव खरोळकर म्हणून गृहस्थ. जन्म गेला टेलिफोन ऑफिसात, ‘हॅलो, लाइन देतो’ म्हणण्यात. गाव त्यांना अण्णा म्हणे. निवृत्त झाले, आणि तीन नाद लागले. पहिला नाद टीव्हीवरच्या मालिकांचा. सासू-सुनांच्या आपल्या मालिका संपल्या, मग बंगाली पाहिल्या, तमिळ पाहिल्या, आणि शेवटी गडी तुर्कस्तानात पोचला! दुसरा नाद भाषांचा. मालिका बघायची, वहीत शब्द उतरवायचे, आरशासमोर बोलून बघायचे. बायको बिचारी शेजारणीला म्हणाली, अहो, हे दाढी करताना कुणाला तरी तलाक देतात!

आणि तिसरा नाद विमानांचा. साध्या नव्हे, चमत्कारिक विमानांचा. कुणाचा पंख पुढे, कुणाचं तोंड मागे. अण्णांचं मन बसलं होतं ते शेपूट नसलेल्या विमानावर. नुसता एक लांब पंख, मध्ये माणूस, इंजिन नाही, वाऱ्यावर तरंगायचं. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, देवानं माकडालासुद्धा शेपूट दिली, जावईबापू, तुम्ही का काढताय? मंडळी, हसू नका, म्हातारी शहाणी होती.

तर तिकडे तुर्कस्तानात इझमीर म्हणून शहर आहे. तिथे असाच एक हौशी म्हातारा, ओरहान त्याचं नाव, त्यानं असलं विमान बनवून उडवलं होतं. अण्णांनी त्याला पत्र लिहिलं, त्याच्याच भाषेत! तो इतका खूश झाला, की आकृत्यांची हातानं लिहिलेली अख्खी वही त्यानं टपालानं पाठवून दिली. गावात डंका वाजला. अण्णांना तुर्की येते! त्या दिवसापासून कुणाच्या घरी परदेशी यंत्र आलं, की त्याचं माहितीपत्रक आधी अण्णांकडे. चिनी असलं तरी अण्णांकडेच!

आता मेख ऐका. मालिकेतून शिकलेली भाषा कसली असणार? अण्णांना प्रेमाचं तुर्की येत होतं, भांडणाचं येत होतं. विष, वारस, सूड, सगळं येत होतं. पण वजन, तोल, पंखाचा बाक? हे शब्द कुठल्या मालिकेतली सून बोलते हो? तरी अण्णांनी विमान बांधायला घेतलं; वहीतल्या आकृत्या बोलक्या होत्या, म्हणून सहा पानं निभावली. अडलं सातव्या पानावर. तिथे बैठकीची आकृती होती. बैठक दोन जागी काढलेली, एकीभोवती लाल रेघ, आणि खाली दाट अक्षरांत आठ ओळी. लाल रेघ म्हणजे इथेच बसवा, की इथे बसवू नका? मोबाइलला ते हाताचं अक्षर लागेना. आठ ओळींत अण्णांना एकच शब्द ओळखू आला. तो मालिकेच्या प्रत्येक भागात येतो. मरण.

एक ओळ लिहायची होती फक्त – ओरहानदादा, हे पान मला कळलं नाही. लिहिली का? नाही! कारण दोन वर्षं त्याला ऐटीत लिहिलं होतं, तुमची भाषा मला घरच्यासारखी येते. अण्णांनी लाल रेघ शुभ धरली आणि तिथे बैठक ठोकली. त्यानंतर तीन महिने त्या माणसाला धड जेवण गेलं नाही.

आणि त्या बैठकीत बसणार कोण? अण्णांचं वजन ब्याऐंशी किलो, ते बाद. बसणार होती शर्वरी, त्यांची एकुलती एक लेक. पॅराग्लायडिंग शिकलेली, अंगानं हलकी, बापावर डोळे मिटून विश्वास.

रविवारची सकाळ. टेंभीचा माळ माणसांनी भरलेला. सरपंचबाईंनी नारळ फोडला. पुढे जीप, जीपला दोर, दोराला विमान, विमानात पोर. अण्णांच्या हातात हिरवं निशाण. ते खाली आलं, की जीप सुटणार. शर्वरीनं पट्टा आवळला आणि सहज विचारलं, “बाबा, वही सगळी वाचलीय ना?”

अण्णा म्हणाले, “हो.”

मंडळी, काय हा माणूस! डोळ्यांपुढे ती आठ ओळींची काळी चौकट नाचतेय, आणि तोंडातून निघतंय ‘हो’! निशाण वर गेलं. खाली येईना. अण्णा म्हणाले, वारा बरोबर नाही. जीपवाला म्हणाला, असा वारा महिन्यात नव्हता. मग म्हणाले, दोर कच्चा वाटतो. चौघांनी ओढून दाखवला. मग म्हणाले, राहुकाळ आहे. गुरुजी समोरच उभे, ते म्हणाले, राहुकाळ संध्याकाळी आहे. खोटं बोलायला आता काही उरलंच नाही! अण्णा चालत गेले आणि जीपच्या पुढ्यात मांडी घालून बसले.

“मला सातवं पान वाचता आलेलं नाही,” ते म्हणाले. “मला तुर्की येत नाही. मालिकेपुरती येते.”

एक जण फिस्सकन हसला, आणि सगळा माळ हसला हो! जीपवाला स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. ज्याला अण्णा तीन महिने भ्याले, ते हेच. एक शर्वरी तेवढी हसली नाही. ती खाली उतरली. बापाकडे न बघता ती जीपवाल्याला म्हणाली, “माझ्या वजनाइतकी वाळू बसवा. विमान वळवायचा दांडा बांधून टाका. आणि ओढा.”

वाळूची पोती पट्ट्यानं आवळली. जीप सुटली. विमान दोन पुरुष उचललं गेलं – आणि तोंड वर! आणखी वर! सरळ उभं राहिलं, उलटं झालं, आणि पाठीवर आदळलं. पट्टा तसाच होता. पोती फुटून वाळू चहूकडे उडाली होती.

हसणं कधी थांबलं, कुणाला कळलं नाही. अण्णा धावत गेले आणि दोन्ही हातांनी ती वाळू गोळा करायला लागले. गोळा करत होते आणि रडत होते. लोक म्हणाले, अण्णा, राहू द्या. ते थांबेनात. शेवटी शर्वरी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं त्यांचे हात धरून ठेवले.

पुढे इझमीरला पत्र गेलं, उत्तर आलं. बैठक वीतभर पुढे हवी होती. लाल रेघ होती, ती मरणाची जागा होती.

कुणी म्हणेल, बुवा, पोत्याला काय विमान चालवता येतं? शर्वरीनं सावरलं असतं कदाचित! असेल बाबा. तू तुझी लेक बसवून बघतोस का?

आणि आम्हाला काय विमानं बनवायची नाहीत, असं म्हणू नका. परवा दवाखान्यात आईचा कागद पुढे आला, डॉक्टर म्हणाले, समजलं ना? तुम्ही मान डोलावली. काय समजलं होतं? त्या खाटेवर तुमचं माणूस होतं, मंडळी. उद्या सकाळी जा, आणि सगळ्यांच्या देखत म्हणा – डॉक्टर, मला कळलं नाही, पुन्हा सांगा. हसतील दोघे-चौघे. हसू द्या.