तानुबाईच्या मोटेचे बैल

(बार्शीटाकळी. वाडीतल्या विहिरीपाशी तानुबाई मेथीच्या जुड्या बांधते आहे. सासरहून आलेली भाची जमुना शेजारी.)

तानुबाई : पटणार नाही तुले, जमुने. आजवर कोणालेच नाही पटलं. तुह्या मामाजीनं, माह्या नवऱ्यानं, माहं लुगडं नेसून मोट हाकली.

जमुना : आत्या, मी रडून राहिली अन् तुले गोष्टी सुचून राहिल्या. सांजीले सासरची, अमरावतीची दमनी गाडी येते मले न्यायले.

तानुबाई : येऊ दे. बैलायले चारा टाकू. तुह्या नवऱ्यानं, गोवर्धननं, निरोप काय धाडला?

जमुना : 'पाया पडशील तरच घरात घीन. मी नसतो तर तुले कुत्र्यानं नसतं इचारलं.'

तानुबाई : आमचे हे बी असेच. मोट मी हाको, वांगे मी तोडो, अन् बजारात मिशीले पीळ हे देत. 'माह्या धाकानं विहीर पाणी देते.' एक दिवस म्हणे, 'जा माहेरी, तुह्यावाचून अडत नाही.' आली मी इथं.

जमुना : मंग?

तानुबाई : बैल हलेच ना. त्यायले माह्या गाण्याची सवय. यायनं मारून पायलं, गूळ चारून पायला. शेवटी माहं लुगडं नेसले, पदर घेतला, अन् बारीक आवाजात गायले लागले. बैल हासले.

जमुना : बैल हासतात काय?

तानुबाई : हासले म्हणून तर डिप्टी कमिशनरचा घोडा बिचकला. सायब वांग्याच्या वाफ्यात. तिथूनच इचारते, 'कौन है ये बाई?'

जमुना : थांब व आत्या, पोट दुखून राहिलं.

तानुबाई : आल्यापासून आज हासली तू. तुमच्या फुलायच्या दुकानातले हार कोण गुंफते?

जमुना : मीच. पहाटपासून. गिऱ्हाईक मांगतेच 'जमुनाबाईचा हार' म्हणून.

तानुबाई : अन् गोवर्धन?

जमुना : ते गादीवर बसते. निरोप्या सांगत होता, मी आल्यापासून दुकान बंद हाय.

तानुबाई : हं.

जमुना : दमनी रिकामी जाऊ दे, आत्या. पाया नाही पडत मी. …कसं मोकळं वाटून राहिलं.

तानुबाई : गोष्ट तर आयक पुरी. मंग हे अनवाणी आले, रडत, दोन्ही बैल घेऊन. दहा गावचे लोक पाहून राहिले. मी म्हटलं, नाही येत, जा.

जमुना : हे खोटं हाय. मामाजी कधी आलेच नाही. बाबा सांगे, वरीसभर तू वाटेकडे डोळे लावून बसली, अन् मंग एक दिवस उठून ही विहीर खोदाले घेतली.