भिंतीला बांधलेलं यंत्र

माझं माहेर कान्ह्याचं, पार रेल्वेच्या कडंचं, आन् दिलं मला बेडशाला, लेण्याच्या खाली, सुताराच्या घरात. आमच्या मालकांचा हात त्या वक्ताला लय चांगला, कामशेतापतुर माणसं दारं-खिडक्या करायला येंच्याकडं यायची. मंग एका घराचं आढं बसवताना मालक वरनं पडलं, उजवा खांदा निखळला, हाडवैद्यानं बसवला खरा, पर हातात जोर म्हणून ऱ्हायला न्हाई. करवत, रंधा डाव्या हातानं कसंबसं जमायचं, पर भोक पाडायचं गिरमिट फिरवायला दोन हात लागत्यात, एकानं दाबायचं, एकानं फिरवायचं. तितंच घोडं अडायचं. भोक न्हाई तर बिजागरी न्हाई, आन् बिजागरी न्हाई तर दार उभं ऱ्हाणार कसं? काम गेलं. दिवसभर वसरीवर बसून हत्यारांला धार लावायची, ज्या हत्यारांनी काय करायचंच न्हाई त्येंला धार, बघून माझा जीव जळायचा ताई, काय सांगू तुमाला. मी म्हणायची, आवं, धार लावून लावून झिजतील की ती. तर धारंचा दगड आनिक जवळ वढायचं.

मी मंग लोणावळ्याला बंगल्याच्या कामावर बिगारी जायला लागले, डोक्यावर वाळूची घमेली. बंगला मुंबईच्या एका शेठचा. त्या शेठनी परदेशातनं भोकं पाडायचं यंत्र आणलेलं, पिस्तुलासारखं, त्याला वायर न्हाई का काय न्हाई, मुठीतच ब्याटरी. मी धीर करून सांगितलं, आमचं मालक सुतार हाईत, हात असा असा झालाय. शेठ म्हणलं, घेऊन ये. मालकांनी डाव्या हातात यंत्र धरलं, घोडा दाबला, आन् सागवानात भोक पडलं. भुसा उडाला तोंडावर आन् मालक हसलं. पडल्यापासनं पयल्यांदा हसलं. मला तितंच रडू आलं, मी विटांच्या मागं जाऊन उभी ऱ्हायले. शेठनी बंगल्याच्या दारांचं काम मालकांलाच दिलं.

पर सुख कुटं टिकतंय. ब्याटरी थकली, चार भोकं पाडली की कण्हायला लागायची. शेठनी मंग एक डबी आणली, विटंएवढी जड, ती भिंतीच्या पिलगात लावायची आन् तिची वायर यंत्राच्या पोटात, म्हंजी ब्याटरीचं कामच न्हाई. ऐकायला ब्येस. पर त्या डबीचं पाय चपटं आन् आपल्या पिलगाची भोकं गोल. वायरमननं वायरी सोलून भोकांत घातल्या आन् वर काडेपेटीच्या काड्या खुपसल्या. काडी सैल झाली की यंत्र बंद. मंग मालक वरडणार, अगं दाब ती काडी! म्हंजी घमेलं टाकून मी भिंतीपाशी उभी, काडी दाबत. मुकादम तिकडनं वरडतोय, ह्ये हिकडनं. आन् वायर केवढी, तर हातभर! यंत्र दारापाशी जाईना, मंग दार यंत्रापाशी न्या. सागवानी दार, उचलायला माणसं बोलवा, भोक पाडा, परत न्या, चौकटीला लावून बघा, चुकलं, आणा परत. बिनवायरीचं म्हणून कवतिक केलं आन् शेवटी म्हशीवानी भिंतीला बांधून घातलं. मधीच लाईट जायची ती येगळीच. मी म्हणलं, आवं, ह्ये यंत्र तुमचं काम करतंय का तुमी त्याचं? तर म्हणत्यात, तू काडी दाब.

चिडायची, पर काडी सोडायची न्हाई मी. सकाळी भाकरी व्हायच्या आधी मालक पिशवी घेऊन दारात उभं असायचं, मला त्येच पायजे होतं.

मंग खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा, हत्याराला कामाला लावायचं न्हाई. मालक म्हणलं, यंत्रानं मला पुन्ना सुतार केला, ते बी पाटावर पायजे. शेठ मुंबईला गेलतं, तवा बंगल्याची राखण करणाऱ्या माळ्याला सांगून यंत्र आन् डबी फडक्यात बांधून घरी आणली. आता पूजेच्या आधी हत्यारं धुवायची ही रीत, आन् तो मान आमच्या आत्याबाईंचा, म्हंजी सासूचा. मी पाण्याला गेलते. येऊन बघते तर करवत, रंधा, वाकस धुतलंच, आन् डबीला बी आंघोळ घातलेली, फटींत पाणी जावं म्हणून तांब्यानं वरनं वतलेलं! गावात तवा लाईट कुटं होती, म्हातारीला काय ठावं. मी म्हणलं, आवं आत्याबाई, ती लाईटीची वस्तू! तर म्हणत्यात, हत्यारच हाय ना? मंग पारोसं कसं पुजायचं? मालक म्हणलं, वाळंल की. ठिवली उन्हात, वर झेंडूचं फूल.

दसरा झाल्यावर कामावर गेलो. नेमकं शेठ आलंतं. वायरमननं काड्या खुपसल्या, बटण दाबलं, आन् फाडकन आवाज, धूर, सगळ्या बंगल्याची लाईट गेली. डबी बी गेली आन् यंत्र बी गेलं. अरे, विजेच्या डबीला कुणी आंघोळ घालतं का, म्हणून शेठ लय वरडलं, आन् म्हणलं, ऱ्हायलेली दारं आता दुसऱ्या सुताराला देतो. मालक खाली बसलं आन् डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठिवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चिडू तरी कुणावर? शेठवर, सासूवर, का त्या काड्यांवर? मी मालकांच्या पिशवीतनं गिरमिट काढलं, म्हणलं, कुटं पाडायचं भोक, खूण करा. मालक म्हणलं, बाईनं गिरमिट धरायचं न्हाई, रीत न्हाई आपली. मी म्हणलं, आईनं हत्याराला आंघोळ घातली तवा चाललं, आन् बायकूनं फिरवलं तर बाटतंय व्हय? खूण करा! केली त्येंनी पेन्सिलीनं. पयलं भोक वाकडं गेलं, वरडलं माझ्यावर. दुसरं सरळ गेलं, तवा पुढची खूण केली. शेठ बघत उभं ऱ्हायलं, आन् दुसरा सुतार काय आला न्हाई.

तवापासनं ह्येच चाललंय. ते खूण करत्यात, मी फिरवते, हे बघा तळहाताला घट्टं. आन् अजून वरडत्यात, वाकडं चाललंय, दाब की, अगं एवढं नको. कंटाळा येतो ताई. गावात लोक हसली, मंग हसून हसून दमली. परवा एक माणूस दार सांगायला आला, वसरीखालनं हाक दिली, सुतार हाईत का घरात? तर मालक आतनं म्हणत्यात, हाईत, दोगं बी हाईत. आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं? देवानं त्येंचा डावा हात तेवढा शाबूत ठिवावा, न्हाईतर खूण बी मलाच करायला लावतील.