चारशे सतरा नंबरचा मेंढा

(कडा गावाजवळच्या शिवारात मेंढरांचा तळ. सकाळ. सिदू आणि त्याची बायको साखराबाई. समोर फाइल घेतलेली धनश्री.)

सिदू : बिल्ला दिसला ना कानात? चारशे सतरा. मग झालं की. मारा टिक अन् निघा, मॅडम. बीडची यष्टी दहाला हाय.

धनश्री : तोंड उघडा त्याचं.

सिदू : कोनाचं?

धनश्री : मेंढ्याचं, काका.

सिदू : आतापतुर कोनीच तोंड न्हाई बघितलं. साहेब लोक कानच बघतेत.

धनश्री : म्हणूनच. धरा जरा... हं. दोनच पक्के दात. माझ्या कागदावर हा मेंढा आठ वर्षांचा आहे.

साखराबाई : पडले आसतील दात. म्हातारा झाला की पडतेत.

धनश्री : मावशी, पडलेले दात आणि नवे आलेले दात मला कळतात. लिंबागणेशला माझ्या आजोबांची दोनशे मेंढरं होती. हा दीड वर्षाचाही नसेल. आणि हा बिल्ला तारेनं का बांधलाय?

सिदू : सैल झालता.

धनश्री : खरं सांगा. महामंडळाचा मेंढा विकलात ना? का कापला?

सिदू : ए बाई! जीभ आवर. कापला म्हनती! खाटीक समजली का आमाला?

साखराबाई : आवो, तुमी गप बसा. बाई, तू कोनाकून आलीस ते आदी सांग.

धनश्री : सांगितलं की. पशुवृद्धी महामंडळ, बीडचं कार्यालय. महामंडळ म्हणजे सरकारचीच कंपनी. वर्षभरात काय काम केलं याचा अहवाल विधानसभेत ठेवावा लागतो. त्यातलं खरं किती, ते बघायला मला पाठवलंय.

साखराबाई : पंडित साहेबानं पाठवलं?

धनश्री : ते आमचे केंद्रप्रमुख आहेत. का विचारताय?

साखराबाई : आमी तोंड उघडतो का न्हाई, ते बघायला धाडलं आसंल तुला. लई हुशार हाय तो बाबा.

धनश्री : तसं काही नाही. थांबा, त्यांचाच फोन आहे. हॅलो... हो सर, पोचले. कड्यालाच आहे... हो, बिल्ला बघितला. चारशे सतराच... हो सर, फोटो काढते... नाही, बाकी काही नाही. ठेवते.

सिदू : बघ. तू म्हनली तसंच. एकाच माळेचे मणी हायेत.

धनश्री : मी खोटं काय बोलले, काका? बिल्ला बघितलाच आहे ना?

साखराबाई : आमी तरी दुसरं काय बोललो? सात वर्सं झाली, तेवडंच बोलतोय आमी बी.

धनश्री : ...बरं. ऐका, मी वाचते. अहवालात तुमच्याबद्दल हे छापलंय. 'साखराबाई सिदू यांना दिलेला मेंढा सुस्थितीत. त्याच्यापासून एकशे बारा कोकरं. लाभार्थी समाधानी.' खाली तुमचा अंगठा.

साखराबाई : एकशे बारा? आगं, त्यानं एक मेंढी फळवली न्हाई! आला तोच नाक गळत आला. पंध्रा दिसांत गेला. अन् जाताना माज्या अकरा मेंढ्या घेऊन गेला. त्यातली एक गाभण व्हती. मी रडले गं, घरातलं मानूस गेल्यावानी रडले.

धनश्री : मग केंद्रावर का नाही सांगितलंत?

साखराबाई : गेलते ना. दुसऱ्याच दिशी गेलते. पंडित साहेब म्हनले, मेला आसं लिहिलं तर यादीतून तुजं नाव जाईल. लस बंद. बिल्ला दुसऱ्याच्या कानाला बांध, वर्साला येऊन मी फोटो काढतो.

सिदू : ह्यो तिसरा हाय. पयले दोन इकले. ते आमच्या घरचेच व्हते, तुमच्या कंपनीचे न्हाई.

धनश्री : हे मी लिहून घेऊ?

सिदू : न्हाई! सोमवारी लस येनार हाय केंद्रावर. पल्याडच्या माळावर धुळाजीच्या मेंढरांच्या खांडात नाकं गळायलीत. लस न्हाई भेटली तर आमचं पुरं खांड जाईल. तुमी जाताल निघून यष्टीनं. आमी काय खावं?

धनश्री : काका, तालुक्यात त्या वर्षी वाटलेले सगळेच्या सगळे मेंढे जिवंत आहेत, असं आहे अहवालात. एकही मेला नाही. म्हणून यंदा आणखी दोनशे मंजूर झालेत.

साखराबाई : कंच्या गोठ्यातले?

धनश्री : तुमचा जिथून आला, त्याच.

साखराबाई : त्याच गोठ्यातले? अन् कोनाला वाटनार?

धनश्री : तुमच्यासारख्याच लोकांना. पुढच्या महिन्यात.

साखराबाई : ...लिही.

सिदू : ए, येडी झाली का? सोमवार चार दिसांवर हाय.

साखराबाई : म्हाईत हाय मला. दोनशे ठिकानी नाक गळत जाईल ते. कोनाच्या तरी दारात माज्यावानीच बाई रडंल, अन् तिला सांगतेल, कड्याच्या साखराबाईचा बघ कसा जगला. लिही, बाई.

धनश्री : 'मेंढा क्रमांक चारशे सतरा वाटपानंतर पंधरा दिवसांत आजाराने मेला. त्याच्या संसर्गाने अकरा मेंढ्या दगावल्या. केंद्रप्रमुखांच्या सांगण्यावरून बिल्ला दुसऱ्या मेंढ्याला बांधला.' बरोबर?

साखराबाई : बरूबर. खाली कोनाचं नाव?

धनश्री : तुमचा अंगठा, मावशी. लाभार्थ्याचाच लागतो.

साखराबाई : अन् तुजं?

धनश्री : माझ्या सहीला या कागदावर जागा नाही.

साखराबाई : पंडित साहेबाची?

धनश्री : त्यांचीही नसते.

साखराबाई : म्हंजे सात वर्सं त्या मेलेल्या मेंढ्याला मी एकटीनंच जित्ता ठेवला व्हय?

धनश्री : कागदावर तरी तसंच आहे, मावशी.

साखराबाई : आदी तू कर सही. मग माजा अंगठा.

सिदू : आगं, सरकारी मानूस हाय ती.

साखराबाई : म्हनून तर.

धनश्री : मावशी, माझी नोकरी अजून कायम नाही. मार्चपर्यंतचाच आदेश आहे. आणि तो पंडित सरांच्या शिफारशीवर वाढतो.

साखराबाई : मला बी सोमवारपतुरच हाय.

धनश्री : आणा तो कागद इकडं. समासात करते... झाली. बघा.

साखराबाई : ही काय नुसती रेघ वढलीस? पुरं नाव लिही, बापाचं बी. आमच्या मालकाला वाचता येतंय.